बसच्या पायरीवरची लढाई

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. त्याला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा २९ जुलैला इंग्लंडमधल्या स्टोक मॅन्डेव्हिल रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जखमी माजी सैनिक चाकाच्या खुर्चीत बसून धनुष्यबाणांची स्पर्धा खेळले. लंडनमध्ये त्याच दिवशी ऑलिम्पिकचे उद्घाटन होत होते. एसटीने पुढे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांना तालुक्याशी आणि शहराशी जोडले. स्टोक मॅन्डेव्हिलने कमरेखाली लुळा पडलेला माणूस शिकू शकतो, खेळू शकतो, कमावू शकतो हे जगाला दाखवले. चाकाच्या खुर्चीतला माणूस आणि सार्वजनिक बस यांची गाठ मात्र अजून पडायची होती. पुढच्या काही दशकांत जगातल्या अनेक शहरांत ती पडली आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले.

धुळे शहराच्या पांझरा नदीपलीकडच्या भागाला देवपूर म्हणतात. एकवीरा देवीचे मंदिर, महाविद्यालये, वसतिगृहे आणि मुंबई–आग्रा रस्ता यांमुळे हा भाग सदा गजबजलेला असतो. शिरपूर, शिंदखेड्याच्या बाजूने मुले शिकायला येतात, ती प्रामुख्याने एसटीने. त्यांतल्या एखाद्याला चालता येत नसेल, तर कोणाला तरी त्याला उचलून गाडीत चढवावे लागते आणि उचलूनच उतरवावे लागते. भाड्यात दिव्यांगांना सवलत आहे, त्यांच्यासाठी राखीव आसन आहे. पण साध्या एसटीचा दरवाजा अरुंद आणि पायऱ्या उंच. चाकाची खुर्ची त्यातून आत जात नाही. तिकिटाची सवलत मिळते, प्रवास मिळत नाही.

डेन्व्हर, कावासाकी आणि लंडनच्या बसेसही एकेकाळी अशाच होत्या. त्या बदलल्या कशा आणि खानदेशातल्या गाड्या अजून तशाच का राहिल्या, हे समजून घ्यायचे तर सुरुवात रुग्णालयापासून करावी लागते.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत मणक्याला गंभीर इजा झालेला माणूस फार दिवस जगत नसे. एकाच कुशीवर पडून अंगाला जखमा होत, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होई आणि तो दगावे. नाझी राजवटीतून १९३९मध्ये इंग्लंडला आलेले ज्यू मेंदूशल्यविशारद लुडविग गुटमन यांनी १ फेब्रुवारी १९४४ला स्टोक मॅन्डेव्हिलमध्ये अशा सैनिकांसाठी विभाग सुरू केला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, मूत्राशयाची काळजी घ्यायची आणि लवकरात लवकर त्याला कामाला व खेळाला लावायचे, अशी त्यांची शिस्त होती. रुग्ण जगू लागले. त्यांच्या छोट्या स्पर्धा वाढत वाढत १९६०मध्ये रोमला पोहोचल्या आणि त्यांतूनच पॅरालिम्पिक उभे राहिले.

त्या वाटेवर एक मराठी माणूस फार लवकर पोहोचला. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्याच्या ईएमई दलात होते. १९६५च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, त्यांतली एक मणक्यात रुतून बसली. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून ते पोहू लागले. १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पूर्ण केली आणि भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्या वर्षीचे ऑलिम्पिक म्युनिकला होते. पण तिथल्या क्रीडाग्रामातल्या सदनिकांचे पुढचे काम ठरलेले असल्याने पॅरालिम्पिकचे खेळाडू हायडेलबर्गला गेले. पेटकरांना पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले, अर्जुन पुरस्कार तर २०२५च्या जानेवारीत हाती आला.

त्या काळी अपंगत्वाकडे वैद्यकाच्या आणि दयेच्या नजरेनेच पाहिले जाई. त्या चौकटीतही मोठी कामे झाली. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. उपचारांसाठी देशभर वणवण केल्यावर त्यांच्या लक्षात आले की अशी हजारो मुले आहेत आणि त्यांच्यासाठी काहीच नाही. डॉ. बाळिगा यांनी चौपाटीवरचा आपला दवाखाना दिला आणि १९४७मध्ये तिथे पोलिओग्रस्त मुलांवर उपचार सुरू झाले. त्यातून हाजी अलीचे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय आणि १९५५मध्ये भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. फातिमाबाईंना १९५८मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे त्या राज्यसभेवरही नियुक्त झाल्या. देशभरच्या पोलिओग्रस्त मुलांना आधार देणारी ही पहिली पिढी. पण कॅलिपर लावून, कुबड्या घेऊन किंवा तीनचाकीवर बसून ही मुले घरी परतली, की गावातली शाळा, कचेरी, बस सारे पूर्वीसारखेच असे. माणसाला दुरुस्त करण्याची सोय झाली होती. रस्ता दुरुस्त करण्याचा विचार अजून कोणी मांडला नव्हता.

तो विचार अमेरिकेत मांडला गेला आणि मांडणारे स्वतः खुर्चीत होते.

पोलिओमुळे मानेखाली लुळे पडलेले, श्वासासाठी यंत्रावर अवलंबून असलेले एड रॉबर्ट्स १९६२मध्ये कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात शिकायला आले. वसतिगृहात त्यांना जागा नव्हती, म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयात त्यांची सोय झाली. त्यांच्यामागून आणखी विद्यार्थी आले आणि त्यांनी १९७२मध्ये स्वतंत्र जगण्यासाठीचे केंद्र काढले. आपली खरी अडचण पायांत नाही, पायऱ्यांत आहे, हा त्यांच्या कामाचा पाया होता. न्यूयॉर्कच्या जूडी ह्यूमन यांना खुर्चीत असल्यामुळे शिक्षिकेचा परवाना नाकारला गेला होता. १९७०मध्ये दावा लावून त्यांनी तो मिळवला.

१९७३च्या पुनर्वसन कायद्यात कलम ५०४ आले. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेने अपंगत्वावरून भेदभाव करायचा नाही, असे त्यात म्हटले होते. पण नियम निघाल्याशिवाय कलम लागू होईना, आणि नियमांवर चार वर्षे सही होईना. ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्रीय कार्यालयात दीडशेच्या आसपास माणसे शिरली आणि तिथेच राहिली. त्यांत ह्यूमन होत्या. अनेकांना औषधे, कॅथेटर, रात्री कूस बदलायला मदतनीस लागत. त्या सोयी मागे सोडून ती माणसे जमिनीवर झोपली. फोनच्या तारा तोडल्यावर कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप दिले. ब्लॅक पँथर संघटनेने रोजचे जेवण पुरवले. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली.

बसची लढाई वर्षभराने डेन्व्हरमध्ये पेटली. तिथल्या परिवहन संस्थेने नव्या गाड्या मागवल्या, त्याही खुर्ची चढवायच्या उचल-फळीविना. ५ जुलै १९७८ला शहरातल्या कोलफॅक्स आणि ब्रॉडवे या गजबजलेल्या चौकात १९ खुर्चीधारक दोन बसेसच्या पुढेमागे येऊन थांबले. रात्रभर त्यांनी रस्ता सोडला नाही. त्यांच्यातले बरेच तरुण पूर्वी वृद्धाश्रमासारख्या शुश्रूषागृहात ठेवलेले होते. वेड ब्लँक नावाच्या धर्मोपदेशकाने त्यांना तिथून बाहेर काढून स्वतःच्या घरात राहायला मदत केली होती. घर मिळाले, पण घरातून कामावर जायला गाडी नव्हती. ती मिळवायला अजून काही वर्षे भांडावे लागले आणि त्या भांडणातून अडॅप्ट ही देशव्यापी संघटना तयार झाली.

जपानमध्ये हीच ठिणगी त्याच्या वर्षभर आधी पडली होती. कावासाकी शहरात खुर्चीतल्या प्रवाशांना मदतनीसाशिवाय चढू देत नसत. १९७७च्या एप्रिलमध्ये 'आओई शिबा नो काई' या सेरेब्रल पाल्सी असलेल्यांच्या संघटनेचे सदस्य एकाच वेळी अनेक बसेसमध्ये चढले आणि हटेनात. शिस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या समाजात या घटनेने खळबळ उडाली आणि टीकाही खूप झाली. पण प्रश्न सरकारदरबारी पोहोचला. इमारतींसाठी १९९४मध्ये, वाहतुकीसाठी २०००मध्ये कायदा आला आणि २००६मध्ये दोन्ही एकत्र झाले. जपानने स्थानकांचे उद्दिष्ट आकड्यात मांडले: रोज ५,००० किंवा अधिक प्रवासी असलेली स्थानके २०१०पर्यंत अडथळामुक्त करायची. मग मर्यादा ३,००० प्रवाशांवर आणली आणि २०२० हे साल ठरवले. आकडा आणि साल ठरल्यामुळे काम किती झाले, हे दर वर्षी तपासता आले. अंधांसाठी पदपथावर बसवतात त्या उंचवट्याच्या पिवळ्या फरशाही जपानच्याच. सेइइची मियाके यांनी त्या शोधल्या आणि १९६७मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. आज भारतातल्या मेट्रो स्थानकांवर त्या दिसतात.

अमेरिकेत सर्वव्यापी कायदा व्हायला १९९० उजाडले. विधेयक संसदेत अडकले होते. १२ मार्चला अनेक आंदोलकांनी खुर्च्या आणि कुबड्या बाजूला ठेवल्या आणि कॅपिटॉल इमारतीच्या पायऱ्या हातांवर, गुडघ्यांवर सरपटत चढल्या. त्यांत जेनिफर कीलन ही ८ वर्षांची मुलगी होती. २६ जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्टवर सही केली. नव्याने घेतलेल्या प्रत्येक सार्वजनिक बसमध्ये खुर्ची चढलीच पाहिजे, असे त्यात आले. शिवाय ज्याला दाराशी अडवले गेले, तो स्वतः न्यायालयात जाऊ शकतो. तिथले दुकानदार आणि परिवहन संस्था उतार बांधतात, त्यामागे या दाव्याच्या शक्यतेचा मोठा वाटा आहे.

ब्रिटनमध्ये १९९५मध्ये भेदभावविरोधी कायदा झाला. त्याआधी आणि नंतरही आंदोलकांनी लंडनमध्ये बसेसना स्वतःला हातकड्यांनी बांधून घेतले. वाहतुकीच्या नियमांनी मुदती घातल्या: एकमजली बस १ जानेवारी २०१६पासून आणि दुमजली १ जानेवारी २०१७पासून अडथळामुक्त असलीच पाहिजे. पुढचा प्रश्न बसच्या आतला होता. फेब्रुवारी २०१२मध्ये खुर्ची वापरणारे डग पॉली बसने लीड्सला निघाले, तेव्हा खुर्चीच्या जागी बाबागाडी होती. बाळाच्या आईने ती हलवायला नकार दिला, चालकाने पुढे काही केले नाही आणि पॉली मागे राहिले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०१७मध्ये न्यायालयाने सांगितले, की नुसती विनंती करून चालकाची जबाबदारी संपत नाही. बसमध्ये चढता येते हे तिथे गृहीत धरले गेले होते. भांडण जागेवरच्या प्राधान्याचे होते.

भारतात या काळात काय चालले होते? कोल्हापुरात नसीमा हुरजुक नावाच्या मुलीला सोळाव्या वर्षी कमरेखाली पूर्ण लुळेपणा आला. बाबूकाका दिवाण स्वतः तसेच असूनही व्यवसाय आणि खेळ सांभाळत होते. त्यांना पाहून तिला उभारी आली. नसीमादीदींनी शिक्षण घेतले, नोकरी केली आणि १९८४मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. खुर्ची फिरेल असे वसतिगृह, अपंग आणि इतर मुले एकत्र शिकतील अशी शाळा, सिंधुदुर्गात काजूवर प्रक्रिया करणारा उद्योग, हे सगळे त्यांनी लोकवर्गणीतून उभे केले. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन मराठी घरांत वाचले गेले. संस्थेच्या फाटकाच्या आत दारे रुंद होती आणि उतार होते. फाटकाबाहेरच्या रस्त्यासाठी कायदा लागणार होता.

तो दिल्लीत झाला आणि त्यासाठीही रस्त्यावर यावे लागले. १९ डिसेंबर १९९५ला जावेद आबिदी यांच्या नेतृत्वाखाली खुर्चीतले, कुबड्यांवरचे, अंध कार्यकर्ते थंडीत संसदेजवळ जमले. अधिवेशनाचे थोडेच दिवस उरले होते. २२ डिसेंबरला अपंग व्यक्तींचा कायदा संमत झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६पासून लागू झाला. नोकरीतल्या ३ टक्के आरक्षणाला कायद्याचा आधार त्यातूनच मिळाला. पण वाहतूक, रस्ते आणि इमारतींच्या कलमांत एक वाक्प्रयोग होता: आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत राहून या सोयी करायच्या. रेल्वेचे डबे आणि बसेस खुर्चीयोग्य करण्याचे कलम तिथेच अडकले. पैसा नाही, एवढे म्हटले की कर्तव्य संपले. डेन्व्हरच्या परिवहन संस्थेला जे उत्तर देऊन सुटता आले नाही, ते आपल्याकडे कायद्यानेच पुरवले होते.

संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांगांच्या हक्कांचा करार भारताने १ ऑक्टोबर २००७ला मान्य केला आणि नवा कायदा करणे भाग पडले. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, आरक्षण ४ टक्के झाले. नवी इमारत नियमानुसार नसेल तर तिला बांधकाम परवानगीही नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून ५ वर्षांची मुदत मिळाली. नियम जून २०१७मध्ये निघाले, मुदत जून २०२२मध्ये संपली. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि नंतर ५०,००० ते ५ लाख रुपये दंड आहे. जुन्या वाहनांबाबत मात्र तांत्रिकदृष्ट्या शक्य आणि आर्थिकदृष्ट्या परवडेल तिथेच बदल, अशी सवड पुन्हा राहिली.

अंमलबजावणी का होत नाही, याचे एक कारण सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ला दाखवून दिले. दृष्टिबाधित राजीव रतुडी यांची अडथळामुक्त सोयींसाठीची याचिका २००५पासून चालू होती. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने म्हटले, की २०१७च्या नियमावलीतला १५वा नियम फक्त शिफारशी करतो. कायदा सक्ती करतो आणि नियम सुचवतो, हा विरोध टिकणार नाही. न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान सक्तीची मानके तीन महिन्यांत ठरवायला केंद्राला सांगितले. अमेरिकेत १९७३चे कलम १९७७च्या नियमांसाठी थांबले होते. आपण त्याच जागी येऊन उभे होतो.

दोन्ही देशांत राहिलेल्या माणसाला हा फरक शरीरावर जाणवतो. विराली मोदी अमेरिकेत वाढल्या, २००६पासून खुर्ची वापरतात आणि मुंबईत राहतात. रेल्वेत चढवताना हमालांकडून झालेल्या विनयभंगाबद्दल त्यांनी २०१७मध्ये जाहीरपणे लिहिले आणि ऑनलाइन याचिका केली. त्यानंतर एर्नाकुळम स्थानकात हलवता येणारा उतार आला. १६ ऑक्टोबर २०२३ला त्यांचे लग्न होते. खारचे विवाह नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. अधिकारी खाली आले नाहीत, नवरीला उचलून वर नेले गेले. बातमी पसरल्यावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली. जुन्या इमारतींची मुदत संपून तेव्हा वर्षाहून अधिक काळ लोटला होता.

महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेनुसार २९.६३ लाख दिव्यांग आहेत, उत्तर प्रदेशाखालोखाल देशात सर्वाधिक. डिसेंबर २०२२मध्ये राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला. स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा आहे. ही रक्कम एकेकाला थोडी थोडी वाटली तर त्याचा महिना निघतो. त्यातूनच रुग्णालयाचा उतार, कचेरीची लिफ्ट, बसस्थानकाचे स्वच्छतागृह झाले तर पुढच्या पिढीलाही उपयोग होतो. दोन्हींची गरज आहे, म्हणून दोन्हींचा हिशेब लोकांसमोर आला पाहिजे.

खानदेशात काय शक्य आहे, हे जळगावने दाखवले आहे. यजुर्वेंद्र महाजन यांच्या दीपस्तंभ फाउंडेशनच्या 'मनोबल' प्रकल्पात दिव्यांग आणि अनाथ विद्यार्थी एकत्र राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. राहणे, जेवण, शिकवणी, अंधांसाठी ध्वनिपुस्तके आणि लेखनिक, खुर्चीसाठी मोकळी वाट, सगळे एका आवारात आहे. तिथून मुले सरकारी नोकरीत जातात. मग नेमणूक तालुक्याच्या एखाद्या कचेरीत होते आणि तिथल्या पायऱ्या त्यांची वाट अडवतात. आरक्षणाने दिलेली खुर्ची आणि चाकाची खुर्ची एकाच मजल्यावर पोहोचली पाहिजे.

देवपुरात आज नवी संकुले, शिकवणी वर्ग, दवाखाने उभे राहत आहेत. उताराचे प्रमाण साधे आहे, १ फूट उंचीला १२ फूट लांबी. दोन फुटांचे जोते असेल तर २४ फूट उतार आणि खुर्ची जाईल एवढा, निदान ९० सेंटीमीटरचा दरवाजा. नकाशात हे नसेल तर महापालिकेच्या अभियंत्याला परवानगी रोखता येते, आणि बांधताना ते गाळले तर पूर्णत्वाचा दाखला रोखता येतो. दाखला तरीही दिला गेला, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करता येते. एसटी नव्या गाड्या घेते तेव्हा खुर्ची चढण्याची सोय निविदेत आहे का, हे विचारण्याचा अधिकार शिंदखेड्याहून येणाऱ्या विद्यार्थ्याला आहे. त्याने तो एकट्याने वापरावा अशी अपेक्षा करणे बरोबर नाही. देवपूरच्या महाविद्यालयांनी, विद्यार्थी संघटनांनी आणि नगरसेवकांनी महापालिकेकडून ५ टक्के निधीचा खर्च आणि जून २०२२ उलटल्यानंतरही पायऱ्या तशाच असलेल्या सार्वजनिक इमारतींची यादी लेखी मागावी, आणि मिळालेले उत्तर नोटीस बोर्डावर लावावे.